पुढून येणारी टकटक पार्ट बदलूनही परत का येते?

माझ्या गाडीचा हा आवाज पहिल्यांदा ऐकला तो कोल्हापूरच्या राधानगरी रस्त्यावर, पावसाळा संपत आला होता तेव्हा. वेग वीस-पंचवीसचा, काचा खाली, रस्त्यावर बुजवलेल्या खड्ड्यांची ठिगळं, आणि पुढच्या डाव्या बाजूनं टक... टक-टक. नारळ घेताना आपण बोटानं वाजवून बघतो ना, तसा कोरडा, पोकळ. मोठ्या स्पीडब्रेकरवर काही नाही. हायवेवर ऐंशीला काही नाही. नेमका हळू जाताना, बारीक खडबडीतच यायचा.

पुढच्या दीड वर्षात त्या टकटकीपायी धक्के जिरवणारे दोन्ही शॉकअप बदलले, बारीक जोडदांड्या म्हणजे लिंक रॉड दोनदा बदलले, चाक खालून धरणाऱ्या लोअर आर्मचे रबरी बुश दोनदा बदलले. शॉकअप बदलून फरक शून्य. लिंक रॉड बदलल्यावर चार महिने शांतता. मग बुश बदलले, पाच महिने शांतता. मग परत तेच. गाडी दहा वर्षांची, त्यामुळे "आता विकून टाका" हा सल्ला घरातूनही मिळायला लागला होता. शेवटी उलगडा झाला तो असा : बदललेल्यातले काही पार्ट खरोखर खराब होते, पण खराबी शोधण्याची आणि नवा पार्ट बसवण्याची, दोन्ही पद्धती चुकत होत्या. आणि दोन्ही वेळी चूक एकच होती. गाडी हवेत लटकत होती.

त्याच्याकडे येतोच. आधी गॅरेजला जाण्यापूर्वी स्वतः काय बघायचं ते सांगतो, कारण "पुढून आवाज येतोय" एवढंच सांगून गाडी सोडली की समोरचा माणूस त्याच्या अंदाजानं सुरुवात करतो आणि अंदाज बहुतेक वेळा शॉकअपपासून सुरू होतो.

पहिल्या पंधरा मिनिटांत, फुकटात

चाकाचे नट. हसू नका. नुकतंच पंक्चर काढलं असेल, टायर अदलाबदल केले असतील, तर आधी पाना लावून नट बघा. सैल नटाचा आवाज हुबेहूब सस्पेन्शनसारखा, म्हणजे चाक आणि बॉडी यांच्यामधल्या स्प्रिंग-सांध्यांसारखा येतो आणि तो सगळ्यात धोकादायक आवाज आहे.

नंतर हवा. माझ्या गाडीला ३३ पीएसआय लागते. पंपावरच्या पोरानं एकदा ४० भरली होती आणि मी दोन दिवस गाडी "फारच आदळतेय" म्हणून हळहळत होतो. हवेचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा गाडीबरोबरच्या पुस्तकात असतो. तो थंड टायरचा असतो, वीस किलोमीटर चालवून आल्यावरचा नाही.

मग बॉनेट उघडून बॅटरी हलवून बघा. क्लॅम्प ढिला असेल तर बॅटरी बारीक धक्क्यांवर टकटक करते. बॉनेटच्या कोपऱ्यातली रबरी बटणं झिजली असतील तर बंद बॉनेटही वाजतं. खाली वाकून इंजिनखालचं प्लास्टिकचं कव्हर हलवा. त्याच्या दोन क्लिपा तुटल्या की ते नाचतं. नंबरप्लेट, जॅक, पान्याची पिशवी, दाराच्या कप्प्यातली स्टीलची बाटली, हे सगळं एकदा बाहेर काढून एक चक्कर मारा. गाडीचा सांगाडा आवाज कुठून कुठेही नेतो. डाव्या चाकाचा आवाज उजवीकडून ऐकू येतो आणि डिकीतला जॅक पुढून आल्यासारखा वाटतो.

बाजू ओळखायची एक सोपी युक्ती : लांब कंपाउंडची भिंत असलेला मोकळा रस्ता शोधा, भिंतीकडची काच खाली घ्या आणि हळू जा. आवाज भिंतीवर आपटून परत येतो. परत येताना दुसरी बाजू भिंतीकडे. ज्या फेरीत आवाज ठळक, ती बाजू. मी हे सकाळी सहाला केलं. मॉर्निंग वॉकवाल्यांनी संशयानं बघितलं, तेवढं सहन करा.

आवाज कशानं येतो ते नव्हे, कधी येतो ते लिहून ठेवा

आपल्याकडच्या जवळपास सगळ्या छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअरची ही कल्पना. १९५० साली आलेल्या ब्रिटिश फोर्ड कॉन्सलला ती होती, आणि कमी जागा, कमी पार्ट या गुणांवर आजवर टिकली आहे. स्प्रिंग आणि शॉकअप मिळून एक उभा पाय. त्याचं वरचं टोक बॉनेटखाली बॉडीला, रबरी माउंटमधून. खालचं टोक, चाक ज्यावर बसतं त्या नकलला. नकल खालून धरून ठेवायला लोअर आर्म, त्याच्या बाहेरच्या टोकाला बॉल जॉइंट आणि आतल्या टोकांना दोन रबरी बुश. डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी एक आडवी वाकवलेली दांडी, म्हणजे स्टॅबिलायझर बार, आणि तिच्या दोन्ही टोकांना बारीक लिंक रॉड. स्टिअरिंगकडून येणारे टाय रॉड. टकटक करू शकणारी मंडळी एवढीच, शिवाय ब्रेक, इंजिनचा जोर चाकाला देणारा ड्राइव्ह शाफ्ट आणि इंजिन माउंट.

यातल्या प्रत्येकाची आवाज करायची वेळ ठरलेली असते.

लिंक रॉडचं उदाहरण घेतो, कारण तो सगळ्यात जास्त वेळा सापडतो आणि त्याची चाचणी सगळ्यात सुंदर आहे. स्टॅबिलायझर बारचं काम दोन चाकं वेगवेगळी वर-खाली होतात तेव्हाच सुरू होतं. दोन्ही चाकं एकदम उचलली गेली तर दांडी नुसती फिरते, पिळली जात नाही, लिंकवर फारसा भार येत नाही. म्हणून रस्ताभर पसरलेला स्पीडब्रेकर सरळ, दोन्ही चाकांनी एकदम ओलांडा. मग तोच तिरका, एकेक चाक चढवत ओलांडा. सरळ जाताना गप्प आणि तिरकं जाताना टकटक, तर संशय लिंक रॉडवर किंवा दांडीच्या रबरांवर. माझ्या गाडीचं कोडं, मोठ्या ब्रेकरवर शांत आणि ठिगळांवर बडबड, याचं अर्धं उत्तर इथंच होतं. मी ते कुणाला सांगितलंच नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं.

खात्री करायची असेल तर दोन्ही बाजूंचे लिंक सोडून, टोकं कुठे अडकणार नाहीत अशी बांधून, गल्लीतल्या गल्लीत एक चक्कर मारतात. आवाज गायब झाला तर गुन्हेगार सापडला. गाडी वळणावर जास्त कलते, म्हणून ही चक्कर वीसच्या वेगाची आणि पाच मिनिटांची. तसंच घाटात जाऊ नका.

ब्रेकची चाचणी आणखी सोपी. आवाज येणाऱ्या खडबडीत तुकड्यावर हळू जाताना ब्रेक अगदी हलका, टेकवण्यापुरता दाबा. आवाज थांबला तर पॅड किंवा पॅड धरणाऱ्या कॅलिपरच्या पिना ढिल्या आहेत. दाबल्यावर पॅड डिस्कला चिकटून गप्प बसतो. पॅड बदलताना जुन्या बारीक पत्र्याच्या क्लिपा टाकून दिल्या की हे हमखास होतं.

ब्रेक मारल्यावर एकच "ठक", आणि रिव्हर्स घेऊन ब्रेक मारल्यावर पुन्हा एकच "ठक", असं असेल तर लोअर आर्मचा मागचा बुश बघायला सांगा. चाक पुढे-मागे ओढलं जातं तो जोर त्याच्यावर येतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे काढताना कट-कट-कट, चाकाच्या फेऱ्यांबरोबर वाढणारं, तर ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा जॉइंट. चाकाच्या आतल्या कडेला काळं ग्रीस उडालेलं दिसेल, रबरी बूट फाटलेला असेल. बूट वेळेवर बदलला तर जॉइंट वाचतो, एवढं लक्षात ठेवा. ॲक्सिलरेटर दाबता-सोडताना किंवा क्लच सोडताना धक्का बसून ठक होत असेल तर इंजिन माउंट, ज्याला आमच्याकडे फाउंडेशन म्हणतात. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग "टंग" करून सुटल्यासारखी वाजली तर स्ट्रटच्या वरच्या माउंटचं बेअरिंग. आणि खडबडीत रस्त्यावरचा खुळखुळाट हाताला, स्टिअरिंगमध्ये जाणवत असेल तर टाय रॉड, रॅक किंवा स्टिअरिंग कॉलमचा जॉइंट.

शॉकअप? तेल गळालं असेल, गाडी धक्क्यानंतर दोन-तीनदा डुलत असेल, तर जरूर बदला. पण शॉकअप खराब झाला की बहुतेक वेळा गाडी आधी डुलते किंवा आपटते, बारीक टकटक करत बसत नाही. नवे शॉकअप टाकूनही वरून टकटक येत असेल तर माउंटचा नट नीट आवळला आहे का आणि जुनंच माउंट परत बसवलंय का, हे विचारा. माझं जुनंच बसवलं होतं. ते खराब नव्हतं, हे माझं नशीब.

गाडी उतरवा की

पहिल्या दोन्ही गॅरेजांत गाडी दोन खांबांच्या लिफ्टवर चढवली. चाकं लोंबकळत, मी खाली उभा, मेकॅनिक प्रत्येक सांधा हलवून दाखवतोय आणि सगळं घट्ट. "काही प्ले नाही सर, शॉकअपच असणार."

तिसऱ्यांदा शिवाजी उद्यमनगरातल्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. साठीच्या पुढचे, शेडमध्ये लिफ्ट नाही, जमिनीत खणलेला पिट आहे. मी आपला ज्ञान पाजळत म्हटलं, "मिस्त्री, लिफ्टवर घेऊन बघितलंय, कुठंच प्ले नाही."

"उचलल्यावर आवाज येतोय का तुमचा?"

"नाही. रस्त्यावर."

"मग रस्त्यावरच बघू की. उचलताय कशाला?"

गाडी पिटवर, चारी चाकं जमिनीवर, पूर्ण वजन टेकलेलं. पोरगा वर बसून स्टिअरिंग थोडं-थोडं डावी-उजवीकडे हलवतोय, दुसरा बंपरपाशी गाडी दाबून सोडतोय, आणि मिस्त्री खाली एकेका सांध्यावर बोटं ठेवून बसलेले. डोळ्यांनी बघत नव्हते, बोटांनी ऐकत होते. दोन मिनिटांत म्हणाले, "डावा बुश गेला. हात लावा." लावला. दाबताना प्रत्येक वेळी बोटाखाली एक सूक्ष्म ठोका लागत होता. लिफ्टवर हाच बुश निर्दोष ठरला होता.

कारण पुढे त्यांनीच समजावलं. चाक लोंबलं की आर्म खाली जातो, बुश उलट्या बाजूला पिळला जातो, वजन नसल्यामुळे रबरातली भेग मिटलेली दिसू शकते. एकच बाजू जॅकवर उचलली तर आणखी फसवणूक : स्टॅबिलायझर बार पिळला जातो आणि ढिला लिंक ताणून घट्ट बसतो. हलवाल तर हलणार नाही.

याचा अर्थ उचलून काहीच कळत नाही असा नाही. चाक अधांतरी ठेवून, खाली स्टँड लावून, घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी हात धरून हलवा. मग नऊ आणि तीनला. नऊ-तीनला हललं तर बहुतेक टाय रॉड. बारा-सहाला हललं तर दुसऱ्या कुणाला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर चाकाचं बेअरिंग, न थांबलं तर बॉल जॉइंट. पण बुश आणि लिंक यांचा निकाल जमिनीवरच लागतो.

पिट आता कमी उरलेत. तर चाकांचे कोन जुळवून देणाऱ्या अलाइनमेंटवाल्याकडे जा. त्याच्या रॅम्पवर गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असते आणि खाली माणूस जाऊ शकतो. दहा मिनिटं मागून घ्या. मात्र घरच्या अंगणात नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली डोकं घालू नका, कितीही घाईचं असलं तरी.

तोच बुश पाच महिन्यांत का फाटला

मला वाटलं होतं डुप्लिकेट पार्ट लागला असेल. मिस्त्रींनी काढलेला बुश उलटून-पालटून बघितला आणि विचारलं, "मागच्या वेळी गाडी वरच असताना आवळला होता न्हवं?" मी समोरच उभा होतो तेव्हा. हो, वरच. एअर गननं, एका दमात.

हा बुश फिरणारं बेअरिंग नसतो. बाहेर लोखंडी कडं, आत लोखंडी नळी, आणि मधलं रबर दोन्हींना पक्कं चिकटवलेलं. बोल्ट आवळला की आतली नळी ब्रॅकेटमध्ये जखडली जाते. त्यानंतर आर्म वर-खाली होतो तो केवळ रबराच्या पिळावर. म्हणजे ज्या स्थितीत बोल्ट आवळाल, ती रबराची विश्रांतीची जागा ठरते.

आता हिशोब करा. लिफ्टवर चाक समजा ९ सेंमी खाली लोंबलंय आणि आर्म ३३ सेंमी लांब आहे. तर आर्म नेहमीच्या जागेपेक्षा सुमारे १६ अंश खाली वळलेला. तिथं बोल्ट आवळला आणि गाडी खाली उतरवली, की नुसत्या उभ्या गाडीत रबर चोवीस तास १६ अंश पिळलेलं. वरून प्रत्येक खड्डा त्याला आणखी पिळणार. माझी गाडी वर्षातून चार-पाचदा फोंडा घाटानं कणकवलीला सासुरवाडीला जाते, बाकी रोज शहरातली ठिगळं. पाच महिने टिकला हेच पुष्कळ.

योग्य पद्धत एवढीच : नवा आर्म किंवा बुश बसवताना बोल्ट हातानं लावून सैल ठेवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, पुढून दोन-तीनदा दाबून बसू द्यायची, आणि मग वजनावर शेवटचा आवळा, गाडीच्या सर्व्हिस पुस्तकातल्या टॉर्कला, म्हणजे आवळण्याच्या जोराला. पिट नसेल तर आर्मखाली जॅक लावून चाक नेहमीच्या उंचीपर्यंत उचलूनही जमतं. दहा-पंधरा मिनिटांचं जास्तीचं काम. ते कुणी स्वतःहून करत नाही, म्हणून आधीच, बोलीत, सांगून ठेवायचं. मी आता असं म्हणतो : "आर्मचे बोल्ट गाडी खाली उतरवल्यावर आवळायचे, मी थांबतो." वाईट वाटून घेणारा मेकॅनिक अजून भेटला नाही; दोघांनी तर "बरं झालं सांगितलंत" म्हटलं.

लिंक रॉडचीही अशीच एक खोड आहे. नट आवळताना आतला बॉल फिरू नये म्हणून ॲलन कीनं किंवा दुसऱ्या पान्यानं धरून ठेवावा लागतो. न धरता गन चालवली की बॉल गरगर फिरतो, रबरी टोपी पिळून फाटते, आणि पहिल्या पावसात चिखल आत. माझे पहिले नवे लिंक चार महिन्यांत का गेले, ते मिस्त्रींनी फाटक्या टोपीवरची पिळाची वळी दाखवल्यावर समजलं.

आणखी एक सवय सोडा. पावसाळ्याआधी वॉशिंग सेंटरवर गाडीखाली डिझेल किंवा जळकं ऑइल मारून घ्यायची आपल्याकडे हौस आहे. पत्रा गंजत नाही म्हणतात. पण साध्या रबराला पेट्रोलियम तेल चालत नाही; ते फुगतं आणि मऊ पडतं. बुशवर ग्रीस थापून आवाज घालवणारेही भेटतात. आठवडाभर खरंच शांत होतं. तेवढ्यात तुम्ही पैसे देऊन घरी आलेले असता.

आर्म किंवा टाय रॉड उघडला असेल तर शेवटी अलाइनमेंट करून घ्या, नाहीतर वाचवलेले पैसे टायर खाईल. आणि बॉल जॉइंटमध्ये डोळ्यांना दिसेल एवढा प्ले सापडला असेल, तर "रविवारी बघू" म्हणू नका. तो सुटला तर चाक बाहेरच्या बाजूला आडवं पडतं, स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं होतं. अशी गाडी चालवत नेऊ नका, मेकॅनिकला घरी बोलवा किंवा उचलून न्या.

मिस्त्रींनी त्या दिवशी दोन्ही बुश, दोन्ही लिंक बसवले, पोराला गाडीच्या पुढच्या भागावर बसवून वजन दिलं, पिटमध्ये उतरून लांब पान्यानं बोल्ट आवळले. शेवटी खिशातून पांढऱ्या रंगाचं पेन काढून प्रत्येक बोल्टवरून ब्रॅकेटवर एक सरळ रेघ मारली. "हलला तर रेघ तुटेल. मला फोन करायच्या आधी ती बघा."

सतरा हजार किलोमीटर झाले. परवाच टॉर्च घेऊन बघितलं, चारी रेघा सरळ आहेत. उजव्या लिंकच्या टोपीला बारीक चीर दिसतेय मात्र. आवाज अजून नाही, पण दिवाळीत फोंडा घाट आहे, त्याआधी तेवढा बदलून घेणार.